कपाटात राहिलेल्या प्लेटा

धाकट्याची नोकरी बुलेटप्रूफ जॅकेटं तपासायची. मळलेल्या मातीच्या ठोकळ्यावर जॅकेट बांधायचं, गोळी झाडायची आणि मागे मातीत किती खोल खड्डा पडला ते मोजायचं. कामात चोख माणूस, पण घरी आला की या शहाण्याच्या जिभेला हाड नसायचं. एकदा जेवताना तो ताईच्या नवऱ्याला म्हणाला, "लांबून आली की गोळी दमते हो, भावोजी!" सगळे हसले. दमते ती पिस्तुलाची, रायफलीची इतक्यात दमत नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

भावोजी पोलिसात होते. पाठ कायम धरलेली, त्यात जॅकेटच्या खिशांतल्या जाड प्लेटांचं ओझं. त्या दिवशी बंदोबस्त मैदानाच्या या टोकाला होता, गडबड पार पलीकडे. ताईनेच प्लेटा काढून कपाटात ठेवल्या. "एवढ्या लांबून काय होतंय? धाकट्यानेच सांगितलंय की!" पलीकडच्या गच्चीवरून रायफलीची गोळी आली आणि नुसत्या कापडी थरांतून आरपार गेली.

दिवसकार्य उरकल्यावर ताई धाकट्याच्या कामावर आली. पिशवीतून प्लेटा काढून तिने टेबलावर ठेवल्या. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. अन्न गोड लागत नव्हतं, डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"खरं सांग हं मला. या घातल्या असत्या तर वाचले असते ना ते?"

अशाच प्लेटांवर तसलीच गोळी धाकट्याने कितीदा झाडली होती, तीही याहून कितीतरी जवळून. एकदाही पार गेली नव्हती. निम्मं पाप तसंही त्याचंच होतं. उरलेलंही त्याने उचललं.

"नसते वाचले, ताई. प्लेटा असत्या तरी गोळी गेलीच असती. मालच खराब होता."

"मग पास कोणी केला?"

"मी."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. आई गेल्यावर याला तिनेच भरवून मोठं केलं होतं. मग तिला रडू फुटलं. इतके दिवस अडकलेलं सगळं बाहेर आलं. प्लेटा तिथेच टाकून ती उठली.

"माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस."

"बरं, ताई," तो म्हणाला.