भंतेंची कबुली

वकील राजानंद खरात म्हणजे कबुलीचा माणूस, असं परतूर तालुक्याच्या कोर्टात कुणीही सांगितलं असतं. जुगार असो, दारूची बाटली असो की विनापरवाना मोर्चा, राजानंदचं आरोपीला सांगणं एकच. "कबूल करून टाक, दंड भर अन् जेवायला घरी जा." माणसं खरंच जेवायला घरी जात. लोकअदालतीच्या दिवशी तर त्याची दिवाळीच असायची. निकाली प्रकरणांचा आकडा वाढला की न्यायाधीश खूश, सरकारी वकील खूश आणि चहाच्या टपरीवर राजानंदचा भाव वर. त्यात तसं वाईट काही नव्हतं. पण करून करून त्याला समोरच्या माणसाकडे नीट बघायची सवयच राहिली नव्हती.

स्मशानभूमीच्या रस्त्यासाठी गावातल्या बौद्ध वस्तीनं तहसीलवर मोर्चा काढला, तेव्हा जमावबंदी होती. पोलिसांनी फोटो बघून नावं घातली. त्यात घोषणा देणारी बेबीनंदा मावशी होती, वस्तीतली आणखी माणसं होती आणि विहारातले भंते खेमिंदही होते. भंते ब्रह्मदेशाचे. पालीचा अभ्यास करायला विद्यापीठात आले आणि वस्तीनं आग्रह केला म्हणून इथल्या विहारात राहायला लागले. त्या दिवशी ते मावशीच्याच नातवाचं औषध घेऊन दवाखान्यातून परतत होते. मोर्चातल्या बायकांनी त्यांना रस्त्यातच वंदन केलं, ते घटकाभर थांबले आणि नेमका तेवढाच फोटो निघाला.

लोकअदालतीच्या सकाळी राजानंदनं सगळ्यांना कोर्टाच्या व्हरांड्यात ओळीनं उभं केलं, लग्नातला फोटोग्राफर करतो तसं. "सायबांनी विचारलं की एकच म्हणायचं, कबूल हाये. दुसरं काई बोलायचं न्हाई."

"पण मी मोर्चात नव्हतो," भंते म्हणाले. त्यांचं मराठी सावकाश, पण स्वच्छ होतं. "जे केलं नाही ते कबूल कसं करू?"

"भंते, कोर्टाची रीत हाये ती. तेवढं म्हणायचं असतं."

"माझ्या व्हिसाला काही होईल?"

"दंडाच्या केसला कोण विचारून राह्यलं! बिलकुल काळजी करू नका."

भंते तरी ओळीतून बाजूला सरकले. आत पुकारा व्हायला आला होता आणि राजानंदला घाई झाली होती. मग तो जे बोलला ते पुढं त्याला कधी गिळता आलं नाही. "तुम्ही एकटे न्हाई म्हणाले तर सगळ्यांचंच अडकतं. या मावशीला मंग वर्षानुवर्षं तारखा. बघा बुवा."

हे साफ खोटं होतं. एकानं नाकारलं तर त्याचा खटला वेगळा चालतो आणि बाकीचे सुटतात, हे शेंबडं पोरही त्या व्हरांड्यात सांगू शकलं असतं. पण वेगळा खटला म्हणजे साक्षीदार, उलटतपास, दवाखान्यात हेलपाटे. एवढा ताप राजानंदला नको होता, बस. भंतेंनी मावशीकडं पाहिलं. ती बिचारी मजुरी बुडवून आलेली, भिंतीला टेकून उभी होती. आत सगळ्यांचं झाल्यावर, सगळ्यांत शेवटी, तेही खालच्या आवाजात म्हणाले, "कबूल आहे."

व्हिसा वाढवायची वेळ आली तेव्हा हे अंगाशी आलं. कधी शिक्षा झाली आहे का, असं अर्जात विचारलं होतं आणि भंतेंनी झाली म्हणून लिहिलं. परक्या देशाच्या माणसानं इथं मोर्चात उतरायचं नसतं, आणि या माणसानं तर उतरल्याचं न्यायाधीशासमोर स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं. देश सोडण्याचा आदेश आला. तो घेऊन भंते राजानंदच्या घरी आले.

"तिकडं गेल्यावर काय होईल?" राजानंदनं विचारलं.

"आमच्या मठातले लोक लष्कराविरुद्ध बोलले. मीही बोललो. माझे गुरू तुरुंगात आहेत," भंते म्हणाले. "मलाही नेतील."

आवाजात तक्रार नव्हती. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं राजानंदला वाटलं. शरमेनं त्याच्या कानशिलांची आग होत होती. तरी तोंडातून निघालं ते नेहमीचंच, "बघतो मी."

बघायला तो संभाजीनगरला गेला. तिथं हायकोर्टात वकिली करणाऱ्या संध्याताई कधीकाळी त्याला शिकवायला होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"कबुलीवर अपील काय डोंबल करणार? वाट एकच आहे. खोटं सांगून त्याच्याकडून कबुली घेतली, असं तू स्वतः शपथेवर लिहून दे. मग मी आदेशाला स्थगिती मागते. तुझ्या सनदेवर गदा येईल, ते धरून चाल. देशील?"

"देतो की," राजानंद म्हणाला.

आणि घरी येऊन या बहाद्दरानं काय लिहिलं? आरोपी परदेशी असून त्यास मराठी समजत नाही, सबब गैरसमजातून कबुली दिली. खाली सही करायची ती भंतेंनी.

भंतेंनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि परत केला. "मला समजलं होतं," ते म्हणाले. "मावशीसाठी एकदा खोटं बोललो. माझ्यासाठी बोलणार नाही. व्हरांड्यात तुम्ही मला काय सांगितलं, ते लिहा ना."

"लिहितो. उद्याच लिहितो."

दुसऱ्या दिवशी तो लिहायला बसलाही. 'मी त्यास सांगितले की' इथवर आला आणि हात थांबला. मुलीचं कॉलेज डोळ्यांसमोर आलं. टपरीवर हसणारे वकील आले. त्याच्या वकिलीच्या पाटीला पहिला हार घालणारी वस्ती आली. परवा लिहू, असं त्यानं ठरवलं. संध्याताईंचे फोन येत राहिले, तो उचलेना. असं करता करता देश सोडायच्या मुदतीचा शेवटचा दिवस आला.

परतूरच्या स्टेशनावर सगळी वस्ती लोटली होती. बेबीनंदा मावशीच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. "भंते, माझ्या नातवाच्या औषधापायी तुमच्यावर ही येळ आली. वकीलसायबांनी तुमच्यासाठी लई धावपळ केली बघा, पण सरकारापुढं कोनाचं चालतं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी राजानंदच्या पाठीवर हातही ठेवला. राजानंदनं भंतेंकडं पाहिलं. ते एक वाक्य बोलले असते तरी लोकांनी त्याला तिथंच उभा सोलला असता. भंते काहीच बोलले नाहीत. राजानंदला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची इतकी लाज वाटली की तो गर्दीच्या मागं सरकला.

गाडीला अवकाश होता. मावशीनं पंचशील मागितलं. फलाटावरच माणसं हात जोडून बसली. भंते एकेक शील सांगत गेले आणि माणसं त्यांच्या मागून म्हणत गेली. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. सगळ्यांनी म्हटलं. राजानंदचे ओठ मिटलेलेच राहिले. भंतेंना ते दिसलं आणि ते पुढं गेले नाहीत. थांबले. माणसं वळून बघायला लागली.

"म्हना की वकीलसायब," मावशी म्हणाली. "भंते तुमच्यासाठी थांबले."

"मावशी, मी..." त्यानं सुरुवात केली. सगळी वस्ती त्याच्याकडं बघत होती, मायेनं बघत होती. गाडी अजून आली नव्हती. संध्याताई अजून फोनवर मिळाल्या असत्या, स्थगिती अजून मागता आली असती.

"मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि," राजानंद म्हणाला. खणखणीत म्हणाला, शब्द न चुकता.

भंतेंनी डोळे मिटले आणि पाचवं शील सांगितलं.