विषय क्रमांक नऊ

थोरलीने पेन्सिल उचलली आणि मसुद्यातल्या नवव्या विषयावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढली.

"हा या महिन्यात नको," ती म्हणाली. "कागद अजून कच्चे आहेत. पुढच्या सभेला घेऊ."

महापौरांच्या दालनात त्या वेळी पाच माणसं होती. महिन्याच्या सभेत कोणते विषय घ्यायचे, कोणता आधी आणि कोणता मागे, हे सभेच्या आठ दिवस आधी इथे बसून ठरत असे. आयुक्तांनी कप तोंडाशी नेता नेता खाली ठेवला. नगरसचिव चष्मा पुसू लागले. ज्याला सूर्य पूर्वेला उगवण्यावरही हरकत असायची, तो विरोधी पक्षनेतासुद्धा नुसते कागद चाळत बसला.

"ताई, नक्की?" महापौरांनी विचारलं.

"नक्की म्हणजे? मी काय आज आलेय का या इमारतीत?"

महापौरांनी मान हलवली आणि दहावा विषय पुढे घेतला. या महापौर म्हणजे थोरलीची धाकटी जाऊ. एका घरात राहायच्या, एका ओट्यावर स्वयंपाक करायच्या. इथे मात्र धाकटी उंच पाठीच्या खुर्चीत आणि थोरली समोरच्या रांगेत, सभागृह नेत्या म्हणून.

नववा विषय होता टेकडीवरच्या वस्तीला पाण्याची टाकी बांधण्याचा. ती वस्ती थोरलीच्या प्रभागातली. तीन वर्षं तिने या टाकीसाठी जोडे झिजवले होते. जागेचे कागद तिने काढले, इंजिनियरला हाताला धरून टेकडीवर तिने नेलं, वस्तीतल्या बायकांना शब्दही तिनेच दिला. आणि आज मसुद्यात त्या विषयाखाली छापलेलं होतं: महापौर यांच्या शिफारशीने. ते वाचताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. शिजवायचं हिने आणि वाढताना मिरवायचं तिने!

खरं तर धाकटीला राजकारणात आणलं थोरलीनेच. माईक कसा धरायचा, न वाचता सही का करायची नाही, चिडलेल्या माणसाला आधी खुर्ची कशी द्यायची, सगळं तिने शिकवलं. पण पंधरा वर्षांत थोरलीने जेवढी माणसं जोडली तेवढीच दुखावलीही. महापौर निवडायची वेळ आली तेव्हा पक्षातल्या दोन गटांचं एकमत होईना, आणि कोणीतरी धाकटीचं नाव काढलं. तिचं कोणाशीच वाकडं नव्हतं. दहा मिनिटांत सगळं ठरलं. आता सासूबाई शेजारणींना "आमची महापौर" म्हणून सांगायच्या. थोरलीबद्दल पंधरा वर्षं त्या एवढंच म्हणत आल्या होत्या, "ती होय? असेल कुठेतरी हिंडत."

आणि धाकटीला काम जमत नसतं, तर थोरलीने सगळं पोटात घातलं असतं. पण तिला जमत होतं.

बैठक संपल्यावर थोरली नगरसचिवांच्या खोलीत गेली. आपली रेघ पक्क्या प्रतीत उतरते की नाही, हे तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. नगरसचिवांनी तिला बसायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"बाई, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचारा की."

"पुढची सभा अंदाजपत्रकाची आहे."

अंदाजपत्रकाच्या सभेत दुसरा विषय घेत नाहीत, आणि त्याआधी जे मंजूर झालं नाही ते वर्षभर विसरायचं, हा नियम तिला माहीत नव्हता असं कसं म्हणावं? भाजी चिरता चिरता तिनेच तो धाकटीकडून पाठ करून घेतला होता. 'ताई, नक्की?' हे तिला मघाशी कुत्सित वाटलं होतं.

"मग तुम्ही तिथेच का नाही बोललात?"

"महापौरांनी विचारलं ना तुम्हाला. त्यावर मी पामराने काय बोलायचं?"

"आणि ती शिफारस? ती कशाला घुसडली तिने?"

"इंजिनियरचा नकाशा मुदतीनंतर चार दिवसांनी आला, बाई. उशिराचे कागद महापौरांच्या शिफारशीशिवाय घेताच येत नाहीत. त्यांनी स्वतः फोन करून घ्यायला लावले."

थोरलीने विचारलं, "पेन्सिलीची रेघ आहे. खोडता येईल?"

"रेघ खोडता येईल हो. पण तुमच्या सांगण्यावरून विषय पुढे ढकलल्याची नोंद झालीय, आयुक्तांसमोर. आता एकच वाट, पुरवणी विषयपत्रिका. तुमचा अर्ज आणि त्यावर महापौरांची शिफारस. आज पाचच्या आत."

घड्याळात सव्वाचार झाले होते. नगरसचिवांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि बाईंना संकोच नको म्हणून कपाटात काहीतरी शोधायला उठले.

थोरली कागदाकडे बघत बसली. दुसरीही एक वाट होती, आणि ती तिला दिसली नाही असं नाही. टेकडीवर जाऊन सांगायचं, बायांनो, मी जिवाचं रान केलं, पण महापौरांनी अडवलं. कोण तपासायला येणार होतं? वस्तीतल्या बायकांनी धाकटीच्या नावाने बोटं मोडली असती. ते वाक्य तिने मनात दोनदा म्हणून पाहिलं, आणि दोन्ही वेळा तिला ते गोड लागलं.

मग तिला वस्तीतली एक बाई आठवली. पाणी वाहून वाहून तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आला होता. मागच्या खेपेला ती म्हणाली होती, "तुमच्या शब्दावर थांबलोय, बाई. नाहीतर मुलीकडे जाऊन राहणार होते." थोरलीने पेन उघडलं. 'माननीय महापौर यांस' एवढं लिहायलाच तिला पाच मिनिटं लागली.

दालनाबाहेर शिपाई उभा राहिला. "आत शाळेची माणसं आहेत, बाई. सांगू का तुम्ही आलात म्हणून?"

"नको. बसते मी."

बाकावर एक म्हातारा दाखल्यासाठी बसला होता. तो सरकला आणि त्याने तिला जागा दिली. पंधरा वर्षांत ती या बाकावर पहिल्यांदाच बसत होती.

आत गेल्यावर तिने कागद टेबलावर ठेवला. धाकटीने तो वाचला, शेवटपर्यंत वाचला. शिकवलं होतं तसंच. थोरली वाट बघत होती. आता ही म्हणेल, 'मघाशी विचारलं होतं ना?' निदान हसेल तरी. त्या हसण्याचं काय करायचं हे तिने बाकावर बसूनच ठरवलं होतं.

धाकटीने शिफारस लिहिली आणि खाली सही केली.

"पहिलाच घेऊ," ती म्हणाली. "सकाळी सगळे जागेवर असतात, जेवणानंतर कोणी सापडत नाही. मांडा तुम्हीच. आणि वस्तीवरही तुम्हीच सांगा, मला तिथे कोण ओळखतं?" मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "आज सासूबाईंना डॉक्टरकडे मी नेते, ताई. तुम्ही दमलेल्या दिसताय."

एवढंच. धाकटीने पुढची फाईल ओढली.

थोरली बाहेर आली. हिने 'नियमात बसत नाही' म्हटलं असतं, नुसती भुवई जरी उंचावली असती, तरी वर्षभर पुरेल एवढी शिदोरी मिळाली असती. धाकटीने तेवढंही तिच्यासाठी ठेवलं नव्हतं. आता तिचा राग करायचा तरी कशावरून? आणि राग तर होताच, मघापेक्षा दुप्पट.

नगरसचिवांनी कागद हातात घेतला, सही पाहिली, वेळ टाकली. पाचला सात मिनिटं होती.

"झालं म्हणायचं, बाई. काय म्हणाल्या महापौर?"

"काही नाही," थोरली म्हणाली. "काहीच बोलली नाही हो ती." आणि तिचे डोळे भरून आले.

तीन वर्षांचं काम शेवटी मार्गी लागलं, भरून येणारच, असं समजून नगरसचिवांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.