पाठमोरी थोरली

माझी धाकटी भाची उडायची. हसा खुशाल. मी जन्मभर लग्नांच्या शूटिंगचं एडिटिंग केलं, रुसलेल्या सासवा हसऱ्या करून दाखवल्या. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? पण ही पोर नववीत असताना एकदा शिंकली आणि थेट छताला चिकटली. माझ्या बहिणीनं तिला झाडूनं खाली ओढलं आणि वर धपाटा घातला. "पंखा पुसायला सांगितला तेव्हा उडता येत नव्हतं होय गं?"

थोरलीनं लगेच तिच्यावर सिनेमा काढायला घेतला. कुणाला तरी सापडलेल्या शूटिंगसारखा, हलता, अर्धामुर्धा. कॅमेरा फक्त तिच्या हातात.

"अगं, मग तू कुठं दिसणार?" मी विचारलं.

"मी कशाला दिसू? मी शूट करतेय ना."

"असल्या सिनेमांत समोर माणूस मरतंय आणि हे शहाणे शूटिंग करत उभे! कॅमेरा फेकून धावत का नाही कुणी?"

"फेकला की सिनेमा संपतो, मामा. तू आपले नवरदेव गोरे करत बस."

आता थोरली नाही. परवा बहीण माझ्या दुकानात आली. "तिच्या शूटिंगमधून भिंतीवर लावायला एक फोटो काढून दे. नीट चेहरा दिसेल असा." थोरली फोटो म्हटलं की पळायची, शाळेच्या फोटोतही मान खाली. बहिणीमागे धाकटी उभी होती. हल्ली ती खिशांत दगड भरून चालते.

सगळं शूटिंग पाहिलं. जिकडेतिकडे धाकटीच: पाण्याच्या टाकीवर, वाळत घातलेल्या चादरींवर. थोरलीचं नुसतं हसू, कडेला आलेला अंगठा, एकदा भिंतीवर सावली. बहीण मान वाकडी करून पडद्याच्या कडेला डोकावत होती, जणू पलीकडे लेक सापडेल.

शेवटचा तुकडा उरला.

"हा नको बघूस," मी बहिणीला म्हटलं.

"लाव."

गच्चीच्या कठड्याबाहेर धाकटी तरंगतेय, हसतेय. एकदम खाली जाऊ लागते. चित्र गरगरतं आणि कॅमेरा आडवा पडतो. तिरक्या गच्चीतून थोरली धावत जाते. वेणी, उसवलेला स्वेटर, एक चप्पल मागे. ती कठड्यावरून वाकते, धाकटीला हाताला धरून आत खेचते, आणि त्याच हिसक्यानं तिचे स्वतःचे पाय सुटतात. तिला उडता येत नव्हतं.

मग नुसता कठडा, चप्पल आणि धाकटीची किंकाळी.

"चेहरा दिसलाच नाही रे," बहीण म्हणाली.

"मला दिसला होता," धाकटी म्हणाली. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच याबद्दल बोलत होती.

"कसा होता गं?"

"चिडलेला. 'हात दे, गाढवे' म्हणाली."

बहीण हसली, आणि ते हसू कुठं मोडलं ते मला बघवलं नाही.

धावतानाचा फोटो काढून दिला. वेणी हवेत, चेहरा पलीकडे. येणारेजाणारे म्हणतात, फोटो वाकडा लागलाय. फ्रेम सरळच आहे, गच्ची तिरकी आहे. सरळ करणं माझ्या हातचा मळ होता. तशीच ठेवली.