मधमाश्यांना निरोप

दुपारी जेवता जेवता साहेब टेबलावरच कोसळले आणि गेले. प्रेत अजून टेबलावरून हलवलंही नव्हतं, तोवर स्वयंपाकघरातल्या ब्रॅकेटबाईंनी मोलकरीण हेस्टरच्या हातात काळी फीत कोंबली.

"जा, बागेतल्या उन्हाळी घरातल्या मधमाश्यांना सांगून ये. घरधनी गेल्याचं कुणी कळवलं नाही, तर रुसून उडून जातात त्या. आणि थरथरतेस काय अशी? खाणार आहे का ते घर तुला?"

हेस्टरला तसंच वाटायचं. तळ्याकाठचं ते जुनं गॉथिक उन्हाळी घर, चर्चसारख्या टोकदार खिडक्यांचं, भर दुपारीही आतून काळोखं. ती दबकत आत शिरली. तिने रिवाजाप्रमाणे खिडकीतल्या मधमाश्यांच्या पेटीवर टकटक केलं.

"बायांनो, साहेब गेले गं."

फीत बांधायला ती वाकली आणि मध्येच थांबली. पेटीला काळी फीत आधीच बांधलेली होती. बाईसाहेबांच्या टोपीची, रेशमी. त्या फितीवर कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्यात अडकलेली चिलटं केव्हाच वाळून गेली होती.

साहेब तर आज सकाळी घोड्यावरून रपेट मारून आले होते.

मागे कडी लागल्याचा आवाज झाला.

"मी सांगितलंय गं त्यांना, गेल्याच आठवड्यात," बाईसाहेब मायेने म्हणाल्या. "उशिरा सांगितलेलं त्यांना चालत नाही."

त्यांनी हेस्टरच्या हातातली फीत अलगद काढून घेतली आणि पेटीवर टकटक केलं.

"बायांनो, हेस्टरही गेली गं."