पळती अक्षरं

ताई अक्षरं काढायची. नुसतं वळणदार लिहिणं नव्हे. कंपन्यांसाठी अख्खे फाँट घडवायची. धाकटा भाऊ गिऱ्हाइकं आणायचा, गोड बोलायचा, मुदती वाढवून घ्यायचा. पळायचे बूट करणाऱ्या एका कंपनीचं काम त्यानेच ओढून आणलं होतं.

"जाड, ठसठशीत आणि पुढे झुकलेली अक्षरं हवीत त्यांना," तो म्हणाला. "बघताक्षणी वाटलं पाहिजे, हे आता सुटणार!"

ऐकायला सोपं. पण अक्षर नुसतं तिरकं ढकललं की ते पळत नाही, पडतं. ठ चा गोल चेपतो, झ च्या पोकळ्या बुजून जातात. एकेक अक्षर डोळ्यानेच सावरावं लागतं. ताईचा डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळी भिस्त उजव्यावर.

आणि हल्ली अक्षरांचे दांडे काही केल्या सरळ राहीनात. आज नीट केलेला दांडा उद्या मधेच खचलेला दिसे. ती पुन्हा ओढून सरळ करी. स्क्रीनमध्येच खोट असेल म्हणून तिने भावाचा स्क्रीन आणून जोडला. तिथेही तेच.

"मी हात लावला की बिघडतंय रे," ती रडकुंडीला आली.

"झालंय तेवढं दे पाठवून."

"हे? मला बघवत नाही आणि लोकांना दाखवू?"

काम द्यायच्या दिवशी सकाळी भावाने अक्षरं मोठ्या कागदांवर छापून भिंतीला लावली.

"आता आलं ना जमून?" ताईने विचारलं.

"ताई, चेष्टा करतेस का? सगळे दांडे सापासारखे वळवळतायत."

"वेडा आहेस. आत्ता कुठे सरळ झालेत."

भावाने टेबलावरची लोखंडी पट्टी उचलून तिच्यासमोर धरली. "ही कशी दिसते?"

ताईला पट्टी मधे वाकलेली दिसली. तिने ती हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं. बोटाला सरळ लागली. पुन्हा पाहिलं, पुन्हा बोट फिरवलं. मग भिंतीला टेकून ती खाली बसली.

"म्हणजे मी चांगलीच अक्षरं मोडत बसले होते," ती पुटपुटली. "जुनी फाईलही नाही. सगळं त्यावरच केलं. चुकीचं कशाला जपून ठेवायचं, म्हटलं."

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली रक्त पाझरतंय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. आहे ती नजर बहुधा टिकेल. गेलेली येईलच असं नाही.

"पण मला सरळ रेघ दिसायला हवी हो," ताई म्हणाली. "बाकी काही नाही दिसलं तरी चालेल."

बाईंनी पहिल्या इंजेक्शनची तारीख लिहून दिली. बाहेर भाऊ फोनवर गयावया करत होता. आत आला तो मान खाली घालून. कंपनीला थांबायला वेळ नव्हता. काम दुसऱ्याकडे गेलं होतं.

पुढे बुटांच्या जाहिराती बसवर झळकल्या, तेव्हा ताईने विचारलं, "अक्षरं कशी आहेत त्यांची?"

खोटं बोलायला भावाची जीभ कधी अडली नव्हती, पण आज त्याने खरं तेच सांगितलं. "चांगली आहेत," तो म्हणाला. "खरंच चांगली आहेत."

ताई उठून आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. बराच वेळ तिच्या हुंदक्यांचा आवाज येत होता. भावाने दार वाजवलं नाही. तो तिच्या खुर्चीत बसला, नवी फाईल उघडली आणि वेडावाकडा क काढायला लागला.

ती बाहेर येऊन त्याच्या मागे उभी राहिली.

"रेघा मिळून गाठ जिथे पडते ना, तिथे बारीक कर. भरून काळी झाली असेल."

"तुला दिसतंय?"

"नाही. पण तू काढलायस म्हणजे झालीच असणार."

तो हसला नाही. तीही नाही. त्याने गाठ बारीक केली.

"आता?" त्याने विचारलं.

"आता तूच सांग," ताई म्हणाली, आणि स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली.