वाकडे दात

श्रीपती मास्तर गेले त्याला अडीच महिने झाले होते आणि त्यांच्या अर्जावर पेटंट कार्यालयाने घेतलेल्या आक्षेपाला उत्तर द्यायला तीनच दिवस उरले होते. त्यांची मुलगी मनस्विनी पुण्यात हीच कामं करायची; आता ती आईकडे आली होती. परक्यांच्या अर्जांवरचे असले आक्षेप तिने ढिगाने वाचले होते. वडिलांच्या अर्जावरचा मात्र तिसऱ्यांदा वाचतानाही नजर ओळीवरून घसरत होती.

मास्तर रत्नागिरीत आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळली ती वळलीच. त्याच वर्षी डाव्या हाताने घासून घासून त्यांनी फणसाच्या लाकडाचं एक डोकं चोळायचं साधन केलं. मुठीत मावेल असा गोळा, त्याला पाच दात. त्यातले दोन आखूड आणि आत वळलेले. त्यांच्या पत्नी कमलाबाईंचे केस अजून कमरेपर्यंत होते, पण त्यात ते कधी अडकलं नाही.

कार्यालयाचं म्हणणं सरळ होतं. रबरी दातांचं साधन आधीपासून आहे, लाकडी मुठीचंही आहे. दातांची ठेवण बदलणं कुणाही जाणत्या कारागिराला सहज सुचेल. म्हणजे हे उघडच आहे, शोध नव्हे.

"त्यात काय एवढं! मी यांना तेव्हाच म्हटलं होतं," कमलाबाई म्हणाल्या.

"तू कशालाही त्यात काय म्हणतेस, आई."

"बरं बाई. मग तूच सांग, सुचलं असतं का दुसऱ्या कुणाला?"

मनस्विनीला स्वतःलाच खात्री नव्हती. जे पटत नाही त्यावर तिने आजवर सही केली नव्हती. वडिलांसाठी करावी, असं मात्र सारखं वाटत होतं.

दुपारी भागोजी आला, मागचं फुगलेलं दार रंधायला. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस. मास्तरांचं साधन त्याने पाहिलेलं नव्हतं. तिने बाजारातलं रबरी साधन आईच्या डोक्यावर फिरवलं आणि केसांचा गुंता अडकलेला तसाच त्याच्यापुढे धरला.

"भागोजी, असं अडकू नये म्हणून तुम्ही काय कराल?"

"मी? मी पयला वैनींचे केस कापीन."

"मेल्या!" कमलाबाई म्हणाल्या.

भागोजीने ते उलटसुलट करून पाहिलं. "दात कमी करायचे. नायतर दोन आखूड ठेवायचे, म्हंजे मध्ये जागा गावंल."

आखूड त्याला सुचले होते, तेही रंधा खाली न ठेवता. पुढे विचारू नये असं मनस्विनीला वाटलं, तरी तिने विचारलं, "अजून काही?"

"अजून काय? बाकी सगळे सरळ उभे. वाकडा दात म्हंजे खोट हो बाय. गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारील."

तेव्हा कमलाबाईंनी कपाटातून मास्तरांचं साधन आणून त्याच्या हातात दिलं. भागोजीने वळलेल्या दातांवरून अंगठा फिरवला.

"हात्तिच्या! त्यात काय! केस ह्या बाकावरनं घसरून जातात. उघड हाय की!"

"आत्ता उघड," मनस्विनी म्हणाली. मायलेकी एकमेकींकडे पाहून हसल्या. हसणं टिकलं नाही, पण आलं होतं.

भागोजीचं बोलणं उत्तरात चालणार नव्हतं. तिला ते सहीपुरतं, स्वतःची खात्री पटायला हवं होतं. संध्याकाळी तिने अर्जातल्या दाव्याची ओळ उघडली. आखूड दात हाच आमचा शोध, असं सांगणारे शब्द काढले. मास्तरांनी ते स्वतः लिहिले होते, म्हणून हात रेंगाळला. मग वळलेल्या दातांबद्दल आणि केस का अडकत नाहीत त्याबद्दल ती सावकाश लिहीत गेली.

"काय खोडलंस?" कमलाबाईंनी विचारलं.

"आखूडपणा. तो कुणालाही सुचला असता."

"आणि वाकडी बोटं?"

आई दात म्हणाली नव्हती. मनस्विनीने ते दुरुस्त केलं नाही.

"ती ठेवली," ती म्हणाली, आणि तिने सही केली.