चाळीस फुटांच्या आत

"एकोणतीस फूट, साहेब!" टेपचं टोक पाटीच्या खांबाला टेकवून आमच्या मुकादम बबनरावांनी हाळी दिली. "आनि वर तीन इंच. लिवा."

मी रस्त्याच्या मधोमध, टेपचं दुसरं टोक बुटाखाली दाबून उभा होतो. देहूरोडकडून आलेला एक लष्करी ट्रक भोंगा वाजवत अगदी अंगाजवळून गेला. जीव मुठीत धरून मी लिहिलं, एकोणतीस फूट तीन इंच. म्हणजे पाटी दहा फूट नऊ इंच रस्त्याकडे जास्त.

छप्पन सालची दिवाळी नुकतीच झाली होती. पिंपरीला कारखाना आला, रस्त्यावर गाड्या वाढल्या आणि गाड्यांमागोमाग पाट्या आल्या. चहाच्या, विड्यांच्या, केशतेलाच्या. मग वरून नियम आला, की रस्त्याच्या मध्यापासून चाळीस फुटांच्या आत धंद्याची पाटी किंवा जाहिरातीचा फलक म्हणून काही दिसता कामा नये. असेल तर मालकाला लेखी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, नाहीतर पाटी उखडून आमच्या आवारात. बांधकाम खात्याच्या आमच्या चिंचवडच्या छोट्या ऑफिसात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं, म्हणून नोटिसा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. वाईहून नवीनच आलेलो. अक्षराचं कुणी कौतुक केलं की दिवसभर हवेत असायचो.

ही पाटी आकुर्डी ओलांडल्यावर, बाभळीखालच्या एका पत्र्याच्या टपरीपुढे होती. दारूगोळ्याच्या खोक्याच्या दोन फळ्या मागून पट्ट्या ठोकून एकीखाली एक जोडलेल्या. वरच्या फळीवर 'चिमाजी गेनू काळभोर' आणि खालच्या फळीवर 'सायकल दुरुसती'. अक्षरं हौसेनं काढलेली, पण हिशेब चुकलेला. शेवटच्या 'ती'ला जागाच पुरली नव्हती, म्हणून ते अक्षर एकटंच खाली उतरलं होतं.

टपरीत एक चाळिशीची बाई घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हात मनगटापर्यंत काळे.

"चिमाजी गेनू काळभोर कोण?" मी पिशवीतून नोटीस काढत विचारलं.

बाईनं पदर सावरला आणि ओला हात पाटीकडे केला. "त्येच की. पाटीवर लिवल्यात त्ये. आमचं मालक."

"ते कुठं आहेत?"

"लढाईवर."

बबनराव उगाच खोकले. लढाई संपून अकरा वर्षं झाली होती.

नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडानं घ्यायचं नाही, ही तेव्हाची रीत. बाईला वाचता येत नव्हतं, पण नाव सांगायची वेळ आली की ती पाटी दाखवायची आणि पाटी तिच्या वतीनं बोलायची. सारजाबाई तिचं नाव. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी माझ्या पिशवीत अजून अकरा नोटिसा होत्या आणि डोक्यावर ऊन होतं.

"काय लिवलंय, वाचा की," ती म्हणाली.

मी वाचलं. माझ्याच अक्षरातलं, त्यामुळे जरा सुरातच वाचलं. "रा. रा. चिमाजी गेनू काळभोर यांस कळविण्यात येते की, आपण पंधरा दिवसांचे आत या कचेरीत समक्ष हजर राहून..."

तिच्या हातातली ट्यूब घमेल्यात पडली.

"परत वाचा. पयल्यापासनं."

मी परत वाचलं. चाळीस फूट, मध्यरेषा, फलक हे काही तिच्या कानात शिरलंच नाही. तिनं दोनच गोष्टी ऐकल्या होत्या, नाव आणि 'हजर राहून'.

"सरकारनं बोलावलंय त्येनला?"

"हो, म्हणजे... नोटीस त्यांच्या नावानं आहे."

"मग सरकारला ठाव आसंल की त्ये कुठं हायेत. ठाव असल्याबिगार का कुनी बोलावतंय?" ती बबनरावांकडे वळली. तिचा चेहरा असा उजळला होता की माझ्याच्यानं बघवेना. "बारा वरसं झाली ओ. येकबी कागद न्हवता. आज आला."

नोटिशीवरचं नाव कुठून आलं होतं? आठवड्यापूर्वी टपरी बंद असताना बबनरावांनी पाटी वाचली आणि मी ते नाव वहीत उतरवलं. बस, एवढंच. हे मी तिला तिथंच सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणालो, "इथं अंगठा करा," आणि तिनं काळा अंगठा उमटवला.

रस्त्यानं चालताना बबनरावांनी बाकीचं सांगितलं. ते याच भागातले. चिमाजी देहूरोडच्या डेपोत फिटर होता. टपरी त्यानंच घातली, पाटीही त्यानंच रंगवली. चव्वेचाळीस साली लष्कराच्या लॉऱ्यांबरोबर ब्रह्मदेशाकडे गेला. कलकत्त्याहून एक कार्ड आलं, पुढे काही नाही. मेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं आणि जिवंतांच्याही नव्हतं.

"बाई लई धीराची," बबनराव म्हणाले. "पंक्चर काढून खाती, पर कुनाफुडं हात पसरला न्हाई." मग थोडं चालून म्हणाले, "साहेब, सांगायला पायजे हुतं."

पंधराव्या दिवशी मी ऑफिसला पोचलो तर सारजाबाई व्हरांड्यात बसलेली. धुतलेलं लुगडं, अंबाड्यात झेंडूचं फूल, फडक्यात बांधलेल्या भाकरी. दोन माणसांच्या असाव्यात. आल्यागेल्या प्रत्येकाकडे ती मान वर करून बघत होती. मी आत जाऊन बसलो. दुपारी डबासुद्धा टेबलावरच खाल्ला, कारण बाहेर जायचं तर तिच्यासमोरून जावं लागणार. असला भित्रेपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण त्या दिवसाएवढी लाज मला कधी वाटली नाही.

संध्याकाळी शिपाई कुलूप घेऊन उभा राहिला तेव्हा ती आत आली.

"साहेब, आज न्हाई आले त्ये. लांबचा पल्ला आसंल. मुदत वाडवून मिळंल का?"

मी दौतीत टाक बुडवला आणि नोटिशीच्या पाठीवर सुरेख अक्षरात लिहून दिलं, 'मुदत आठ दिवस वाढविली.' तिनं कागद कपाळाला लावला. खाली घेतला तेव्हा कागदाला कुंकू लागलेलं होतं.

तीनच दिवसांनी तिचा दीर दौलतराव आला. उन्हानं रापलेला, सरळ शेतकरी गडी. टोपी हातात घेऊन तो माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"साहेब, माजा भाऊ जित्ता हाय का? खरं सांगा."

मी विचारलं, असं का विचारता?

"बारा वरसं भरली. जानती मानसं म्हनत्यात, आता पळसाच्या पानाचा पुतळा करून त्येला अग्नी द्या. किती दिस त्येचा जीव आसा लोंबकळत ठेवायचा? समदं ठरलंय, येत्या आवसंला. पर वैनी आयकंना. म्हनती, सरकारचा कागद आलाय, त्ये येनार. मी तिच्या अंगावर ओरडलो ओ, परवा. आईच्या जागी हाय ती मला." तो टेबलावर वाकला. "कागद खरा आसंल तर सांगा. मी पुतळा करत न्हाई. वाट बघतो."

मी रजिस्टर काढून त्याच्यापुढे उघडलं. रकान्याच्या माथ्यावर मीच लिहिलं होतं, 'पाटीवरील नाव'. त्याला वाचता येत होतं. त्यानं त्याखालचं भावाचं नाव वाचलं आणि बाकावर बसला. भाऊ आपल्या हातानंच परत मेल्यासारखं त्याला वाटलं असावं.

"तुमी लिवलं," तो म्हणाला. "तुमीच सांगा तिला. माज्यानं व्हनार न्हाई."

मुदत संपली त्या सकाळी मी बबनरावांना घेऊन गेलो. बबनरावांच्या खांद्यावर पहार होती. सारजाबाई एका चाकात हवा भरत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नाव कुठून घेतलं, कुणी वाचलं, कुणी लिहिलं. सरकारला चिमाजी काळभोर ठाऊक नाही हेही सांगितलं.

ती पंप मारायची थांबली. रागावेल, रडेल, पंप फेकून मारेल, मी कशालाही तयार होतो.

"म्हंजी माज्याच दारातलं नाव नेलं," ती सावकाश म्हणाली, "आनि मलाच वाचून दावलं व्हय?"

बबनराव पहार टेकवून खाली बघत होते.

"काडा," ती म्हणाली. "नेम हाय तर काडा. पर हळू. फळी चिरंल." आणि बबनराव खांब उकरत होते तेवढा वेळ तिनं पाटीला खालून दोन्ही हातांचा आधार दिला. आम्ही निघताना तिनं पदरानं पाटीवरची धूळ पुसली, वरची फळी, मग खालची.

अमावास्येच्या सकाळी ती आमच्या आवाराच्या फाटकाशी आली. बरोबर कुणी नव्हतं. कुंकू नेहमीपेक्षा मोठं होतं आणि हातात हिरवा चुडा होता. मला समजलं. ते दोन्ही त्या संध्याकाळपर्यंतचंच होतं.

"पाटी पायजे," ती म्हणाली. "भावजींनी पानाचा पुतळा बांधलाय. त्यात त्येंचं काय हाय, सांगा? ना फोटू, ना कापड. ही त्येंच्या हातची हाय."

आत चाळीस-पन्नास पाट्या रचून ठेवलेल्या. आदल्याच आठवड्यात कुणीतरी दुसऱ्याच्या चांगल्या फळ्या आपल्या म्हणून नेल्या होत्या, तेव्हापासून ओव्हरसिअर साहेब स्वतः फाटकात खुर्ची टाकून बसत. पाटीवरचं नाव तोंडी सांगेल त्यालाच पाटी द्यायची, असा त्यांचा हुकूम.

"नाव काय पाटीवर?" त्यांनी विचारलं.

सारजाबाईचा हात सवयीनं उठला, पण दाखवायला पाटी समोर नव्हती. हात तसाच खाली आला.

"साहेब, मी ओळखतो यांना," मी म्हणालो.

"तुम्ही थांबा हो. नाव सांगा बाई. नावाशिवाय आत सोडता येत नाही."

त्यांचा काही दोष नव्हता. आमचे दोन-चार कुली कामं थांबवून बघायला लागले. एकजण हसलाही. सारजाबाईनं फाटकाकडे पाहिलं, खुर्चीत आडव्या बसलेल्या साहेबांकडे पाहिलं. मग तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, नजर खाली घातली आणि नव्या नवरीला उंबऱ्यावर अडवल्यावर ती म्हणते तशा बारीक, लाजऱ्या आवाजात म्हणाली,

"इंद्रायनीला पानी, पान्याला घाट,
चिमाजीरावांचं नाव घेते, सोडा माजी वाट."

साहेब खुर्चीतून उठले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी खुर्ची स्वतःच्या हातानं बाजूला केली.

लग्नात पाठ केलेला तो उखाणा. त्यानंतर ते नाव तिच्या तोंडातून एकदाही निघालं नव्हतं, आणि आता पुन्हा निघणार नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

पाटी बबनरावांनी काढून दिली. तिनं ती जमिनीवर आडवी ठेवली, समोर बसली आणि मला म्हणाली, "साहेब, ह्यात त्येंचं नाव कुठल्या फळीवर हाय?"

बारा वर्षं ती पाटी रोज पुसत होती. मी खाली बसलो आणि वरच्या फळीवर बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. तिनं त्याच जागेवरून माझ्यामागून बोट फिरवलं. शेवटच्या 'र'वर बोट थोडं थांबलं.

"आनि खालच्या?"

"सायकल दुरुस्ती."

"त्ये माजं काम हाय," ती म्हणाली. "मुकादम, येवढी वरली सोडवून द्या."

बबनरावांनी पकडीनं मागच्या पट्ट्यांचे खिळे एकेक करून उपसले. वरची फळी तिनं दोन्ही हातांनी उराशी धरली, खालची डोक्यावर घेतली आणि आकुर्डीच्या रस्त्याला लागली. रजिस्टरमध्ये मी 'पाटी परत दिली' असं लिहिलं. त्या दिवशी माझं अक्षर फार वाईट आलं.

पुढच्या महिन्यात मी बसनं तळेगावला चाललो होतो. बाभळ जवळ आली तसा खिडकीशी सरकलो. रस्त्याकडेचे खांब गेले होते. टपरीच्याही मागे, शेताच्या बांधाला लागून, नवे खांब रोवले होते. न मोजताही मला कळलं, बरोबर चाळीस फूट, इंचभरही इकडे नाही. त्यावर एकच फळी होती, वरच्या कडेला खिळ्यांची रिकामी भोकं. टपरीपुढे सारजाबाई पाठमोरी, कुणाच्या तरी सायकलीत हवा भरत होती. बसचा आवाज ऐकून तिनं वळून पाहिलं, कपाळ मोकळं होतं. बस पुढे गेली. मागे वळून मी फळी वाचत राहिलो, सायकल दुरुस, आणि खाली उतरलेलं एकटं 'ती'.